पॅरिसच्या पेठा

पॅरिसला निघालेल्या माणसाला दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. काय पाहावे, हा एक. आणि काय कोठे घ्यावे, हा दुसरा. पहिल्या सल्ल्यात लूव्रचे संग्रहालय, नोत्र-दामचे मंदिर आणि आयफेलचा मनोरा येतात. दुसऱ्यात केवळ पत्ते येतात. जडजवाहीर पाहावयाचे तर वाँदोम चौकात जावे, उंची पोशाखांसाठी सँ-ओनोरे मार्ग धरावा, सर्व जिन्नस एका छपराखाली हवे असतील तर ओस्मान मार्गावरील भव्य दुकानांत शिरावे, जुनी पुस्तके सेन नदीच्या कठड्यावरील हिरव्या पेट्यांत चाळावीत, आणि जुनेपुराणे सामान शहराच्या वेशीबाहेर सँतुआँच्या बाजारात धुंडाळावे. हा सल्ला खोटा नाही. परंतु या प्रत्येक पत्त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे त्याच रस्त्यांवरून हिंडताना डोळ्यांना थोडे अधिक दिसते.

आज आपण कोणत्याही मोठ्या दुकानात सहज शिरतो, वस्तू हाती घेऊन पाहतो, तिच्यावर लावलेल्या चिठ्ठीवरील किंमत वाचतो आणि वाटल्यास काहीही न घेता बाहेर पडतो. यात आपण काही विशेष करीत आहोत असे आपल्या मनातही येत नाही. परंतु ही साधी मुभा मनुष्याला फार उशिरा लाभली. ती एकाच शहराने घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी तिला जे रूप पुढे सगळ्या जगाने उचलले, ते मुख्यत्वे पॅरिसच्या पेठांत घडले. ते कसे घडले आणि त्याची किंमत कोणाकोणाला मोजावी लागली, एवढेच आज पाहावयाचे आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांतील पॅरिसचा व्यापार निरनिराळ्या धंद्यांच्या संघांनी आपसांत वाटून घेतलेला होता. कोणी काय विकावे, किती शिकाऊ उमेदवार ठेवावेत, दुसऱ्याच्या मालाला हात लावावा की नाही, हे सारे नियमांनी बांधलेले असे. दुकान म्हणजे अंधाऱ्या गल्लीतील एक खोली. माल आत ठेवलेला, दारावर चित्रांची पाटी, आणि किंमत दुकानदाराच्या मनात. गिऱ्हाइकाची ऐपत पाहून ती वर चढे किंवा खाली उतरे. उंबरठा ओलांडला म्हणजे सौदा करण्याच्या इराद्यानेच ओलांडला, असे उभयपक्षी समजले जाई. नुसते पाहण्यासाठी आत जाणे हा उद्धटपणा होता.

याला काही अपवाद होते. सीते बेटावरील जुन्या राजवाड्यात न्यायालय भरत असे, आणि त्याच्या दालनात लेस, फिती व पुस्तके विकणाऱ्यांची ठाणी होती. वकिलांची व पक्षकारांची तेथे सतत ये-जा असे. नाटककार कोर्नेय याने १६३०च्या दशकात या दालनावर एक सुखात्मिकाच रचली आणि तिला त्या जागेचेच नाव दिले. दुकानांसमोर घुटमळणे हा शहरी जीवनातील एक आनंद आहे, ही गोष्ट नाटककाराच्या नजरेतून सुटली नाही.

याच काळात आपल्या देशाचा पॅरिसच्या पेठांशी एक विलक्षण संबंध आला. कोरोमंडल आणि गुजरातच्या किनाऱ्यांवरून गेलेल्या रंगीत छिटांनी फ्रेंच स्त्रियांना इतके वेड लावले की देशी लोकर-रेशमाचे कारखानदार धास्तावले. १६८६ साली सरकारने छापील सुती कापडावर बंदी घातली. ही बंदी १७५९ पर्यंत, म्हणजे त्र्याहत्तर वर्षे टिकली; आणि तेवढी वर्षे छीट चोरट्या मार्गाने येतच राहिली. पुढे सँ-ओनोरे मार्गावर रोज बेर्तँ नावाच्या एका कर्तबगार बाईने आपले दुकान थाटले. राणी मारी आंत्वानेत हिचे पोशाख आणि शिरोभूषणे ती सजवी. त्या दुकानाचे नाव होते ‘ओ ग्राँ मोगोल’, म्हणजे ‘थोर मोगल बादशहा’. दिल्लीची बादशाही त्या वेळी मोडकळीस आली होती; परंतु पॅरिसच्या पाटीवर तिचे वैभव अद्याप शाबूत होते. या दुकानाचा सारा व्यवहार उधारीवर चाले. सरदार-दरकदारांच्या स्त्रिया माल नेत आणि पैसे वर्षानुवर्षे थकत. राज्यक्रांती झाली तेव्हा बेर्तँबाईच्या वह्यांत अनेक बड्या घराण्यांची नावे होती; त्यांतील कित्येक रकमा कधीच वसूल झाल्या नाहीत.

नव्या युगाचा पहिला बाजार पाहावयाचा असेल तर लूव्रच्या समोर पाले-रॉयालच्या बागेत जावे. हा वाडा मुळात कार्डिनल रिशल्यूचा. पुढे तो राजाच्या चुलतघराण्याकडे आला. १७८०च्या सुमारास त्याचा तरुण मालक कर्जात बुडाला होता. त्याने एक धाडसी उपाय योजला. विक्तोर लुई या वास्तुशिल्पज्ञाकडून बागेच्या तीन बाजूंना एकसारख्या कमानींच्या ओवऱ्या बांधून घेतल्या आणि त्यांखालचे गाळे भाड्याने दिले. घड्याळजी, जवाहिरे, पुस्तकविक्रेते, खानावळी, कॉफीगृहे अशी तेथे गर्दी उसळली. पाऊस असो वा चिखल, ओवरीतून कोरड्या पायांनी हिंडावे आणि काचेमागचा माल पाहावा. जागा राजकुलातील पुरुषाची खाजगी मालमत्ता असल्यामुळे पोलिसांचा तेथे सहजी शिरकाव नव्हता. म्हणून निषिद्ध पत्रके आणि निषिद्ध विचार यांनाही तेथे आसरा मिळाला.

१२ जुलै १७८९ रोजी कामिय देमुलाँ या तरुण पत्रकाराने याच बागेतील एका कॉफीगृहासमोर उभे राहून जमावाला शस्त्र हाती घेण्याचे आवाहन केले. दोन दिवसांनी बास्तीयचा तुरुंग पडला. सुमारे चार वर्षांनी, १३ जुलै १७९३ च्या सकाळी, शार्लोत कोर्दे नावाची एक तरुणी याच ओवऱ्यांतील एका दुकानात आली. तिने स्वयंपाकाची एक सुरी विकत घेतली आणि त्याच संध्याकाळी क्रांतिनेता मारा याचा त्या सुरीने वध केला. खुल्या बाजारात येणाऱ्याला त्याच्या मनात काय आहे हे कोणी विचारीत नाही. ओवऱ्या बांधणाऱ्या मालकाने क्रांतीच्या काळात ‘एगालिते’, म्हणजे ‘समता’ हे नाव धारण केले होते. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याचा शिरच्छेद झाला. दरम्यान १७९१ साली धंद्यांचे जुने संघ कायद्याने रद्द झाले, आणि कोणालाही कोणतेही दुकान काढण्याची वाट मोकळी झाली.

त्या वाटेवर पहिल्यांदा उभे राहिले ते ‘पासाज’, म्हणजे दोन रस्त्यांना जोडणारे, वर काचेचे छत असलेले बोळ. पॅरिसच्या रस्त्यांना त्या काळी पदपथ जवळजवळ नव्हतेच. मधोमध गटार, दोन्ही बाजूंना चिखल, आणि घोडागाड्यांचा धाक. पानोरामाचा पासाज १८०० साली खुला झाला. गॅसचा दिवा पॅरिसमध्ये प्रथम उजळला तो ज्या थोड्या ठिकाणी, त्यांत हाही होता. १८२६ साली खुली झालेली व्हिव्हिएनची गल्ली आजही तिच्या नक्षीदार फरशीसाठी आवर्जून पाहावी. या बोळांतून हळूहळू हिंडत, काही न घेता सर्व काही पाहणारा एक नवा नागरिक जन्मास आला. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन याने या पासाजांवर तेरा वर्षे टिपणे जमविली. १९४० साली नाझी सैन्य आले तेव्हा ती टिपणे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दडवून ठेवावी लागली. बेन्यामिनचा स्पेनच्या सीमेवर अंत झाला. त्याचा अपुरा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला, आणि मग पासाजांना नव्याने मान मिळाला.

परंतु खरी क्रांती घडली ती नदीच्या डाव्या काठावर. आरिस्तीद बूसिको हा नॉर्मंडीतील एका टोपीवाल्याचा मुलगा, जन्म १८१०. पॅरिसच्या एका कापडदुकानात नोकरी करून तो धंद्याची रग नि रग शिकला आणि १८५२ साली ‘बाँ मार्शे’ या लहानशा दुकानात भागीदार झाला. या नावाचा रूढ अर्थ ‘स्वस्त’. दुकानाची वार्षिक विक्री त्या वेळी सुमारे पाच लक्ष फ्रँक होती. बूसिकोने काही साधे नियम केले. दुकानात कोणीही यावे, घेण्याची सक्ती नाही. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असेल आणि ती सर्वांना सारखी असेल. नापसंत माल परत घेतला जाईल. नफा वस्तूमागे थोडा घ्यावयाचा, पण माल झपाट्याने फिरवावयाचा. यांतील एकेक कल्पना पूर्वी कोणी ना कोणी वापरलेली होती. त्या सर्वांची एकत्र गुंफण त्याने केली. १८७७ साली तो वारला तेव्हा विक्री सात कोटी फ्रँकांच्या वर गेली होती.

भाव ठरलेला असणे, ही गोष्ट केवळ सोयीची नव्हती. घासाघीस करताना दुकानदार गिऱ्हाइकाचे कपडे, बोली आणि अडचण जोखीत असतो. लिहिलेली किंमत कोणाचेही तोंड पाहत नाही. सरदाराच्या पत्नीला आणि कारकुनाच्या पत्नीला एकच आकडा वाचावयास मिळाला, तेव्हा समतेचे तत्त्व बाजारापुरते तरी व्यवहारात उतरले. १८६९ साली पायाभरणी झालेल्या नव्या इमारतीत लोखंडाचे खांब आणि काचेची छते उभी राहिली. त्या कामात आयफेलच्या कारखान्याचाही भाग होता. आत वाचनालय होते, फराळाची सोय होती, मुलांसाठी रंगीत चित्रांची कार्डे होती. सभ्य घरातील स्त्रीने एकटीने कॉफीगृहात बसणे ज्या काळी शिष्टसंमत नव्हते, त्या काळी ती या दुकानात तासन् तास एकटी हिंडू शकत होती. मोहही तितकाच वाढला. खात्यापित्या घरच्या बायका लेसचे तुकडे लपविताना पकडल्या जाऊ लागल्या, आणि हा रोग म्हणावा की गुन्हा, यावर डॉक्टरांत वाद झडू लागले.

आता या वैभवाची दुसरी बाजू. गिऱ्हाइकाला बसावयास खुर्ची होती. तिला माल दाखविणाऱ्या मुलीला नव्हती. दिवसाचे बारा-तेरा तास तिने उभे राहावयाचे. खेड्यांतून आलेल्या अशा कित्येक मुली दुकानाच्या माळ्यावरील खोल्यांत राहत, दुकानाच्याच भोजनगृहात जेवत, आणि वरिष्ठाची मर्जी फिरली की त्याच दिवशी रस्त्यावर येत. १८६९ साली, बाँ मार्शेच्या नव्या इमारतीचा पाया घातला जात असतानाच, पॅरिसच्या दुकानांतील नोकरांनी कामाचे तास कमी व्हावेत म्हणून संप पुकारला, तो फसला. समोरच्या गल्लीतील लहान दुकानदारांची अवस्था याहून निराळी नव्हती. कादंबरीकार झोला याने १८८२ साली मोठ्या दुकानांत जाऊन टिपणे घेतली आणि पुढच्या वर्षी ‘ओ बोनर दे दाम’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका देनीज ही अशीच एक विक्रेती. आणि तिचा चुलता समोरच्या जुन्या कापडदुकानाचा मालक. भव्य दुकानाचा एकेक मजला चढत असताना चुलत्याचे घर कसे खचत जाते, हे झोलाने निर्दयपणे दाखविले आहे. त्याला नव्या दुकानाचे कौतुकही होते आणि त्याखाली चिरडलेल्यांची जाणीवही होती.

बूसिकोविषयी न्याय्य बोलावयाचे तर, त्याने नोकरांसाठी १८७६ साली भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. त्याची पत्नी मार्गरित गरिबीतून वर आलेली, एके काळची धोबीण. तिने आपल्या संपत्तीतून पाश्चर संस्थेला साहाय्य केले आणि एका रुग्णालयाची तरतूद केली. पण मालकाचे औदार्य म्हणजे नोकराचा हक्क नव्हे. तो हक्क कायद्याने यावा लागला. २९ डिसेंबर १९०० च्या कायद्याने ठरविले की दुकानात जितक्या स्त्रिया कामावर असतील तितकी आसने असलीच पाहिजेत. १३ जुलै १९०६ च्या कायद्याने आठवड्यातून एक दिवसाची, शक्यतो रविवारची, सुटी दिली. एक आसन आणि एक रविवार मिळविण्यास अर्धे शतक लागले.

बाँ मार्शेच्या मागून इतर दुकाने आली. १८६५ साली प्रँताँ, १८७० साली सामारितेन, आणि शतकाच्या अखेरीस गालरी लाफायेत. या शेवटच्या दुकानाचा रंगीत काचेचा घुमट १९१२ सालचा. त्याच्याच गच्चीवर १९ जानेवारी १९१९ रोजी व्हेद्रीन् या वैमानिकाने आपले विमान उतरवून दाखविले आणि पंचवीस हजार फ्रँकांचे बक्षीस मिळविले.

सर्वांना दार खुले करणारी ही पेठ एकीकडे फुलत असताना, दुसरीकडे दार मोजक्यांसाठीच उघडणारी पेठही त्याच शहरात वाढत होती. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने १८५८ साली रू द ला पे या रस्त्यावर आपली पेढी घातली. तोपर्यंत शिंपी गिऱ्हाइकाच्या घरी जाई. वर्थकडे गिऱ्हाईक येऊ लागले, आणि तेही ओळखपाळख असेल तर. सम्राज्ञी युजेनी त्याच्याकडून पोशाख घेई. आपल्या नावाची पट्टी तो कपड्याच्या आत शिवी, जसा चित्रकार चित्रावर सही करतो.

शेजारच्या वाँदोम चौकात आपले संस्थानिक येऊन पोहोचले. १९२८ साली पतियाळाच्या महाराजांनी बूशराँ या जवाहिऱ्याकडे आपले हिरे आणि पाचू नव्याने घडविण्यास दिले. मराठी माणसाला अधिक जवळची गोष्ट इंदूरची आहे. तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९१३ साली शोमे या पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन मोठे हिरे घेतले. त्यांचे पुत्र यशवंतराव यांची आवड वेगळी होती. त्यांनी इंदुरात माणिकबाग हा वाडा आधुनिक पद्धतीने बांधविला आणि त्यासाठी पॅरिसच्या नामवंत कारागिरांकडून लाकूडसामान, चांदीची भांडी आणि गालिचे आणविले. बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन चित्रे काढली आहेत. एकात ते विलायती पोशाखात आहेत. दुसऱ्यात मराठेशाही पोशाखात बैठकीवर बसले आहेत, आणि गळ्यात तेच दोन हिरे आहेत. हे सारे अभिजात रुचीचे द्योतक होते, यात शंका नाही. परंतु संस्थानचा खजिना शेतसाऱ्यावर भरत असे. वाँदोम चौकातील बिल अंती माळव्यातील शेतकऱ्याच्या खळ्यावरून फेडले जाई. ते हिरे पुढे अमेरिकेला गेले. माणिकबागेतील सामानाचा १९८० साली मोनाकोत लिलाव झाला, आणि २०१९ साली त्यांतील कित्येक वस्तू पॅरिसच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी मांडल्या गेल्या. ज्या शहरातून त्या निघाल्या होत्या, तेथेच लोकांनी त्या तिकीट काढून पाहिल्या.

पॅरिसच्या दुकानांच्या इतिहासात एक काळे पान आहे, आणि ते वगळणे योग्य होणार नाही. जर्मन अमलात ज्यूंच्या घरांतील सामान लुटून नेण्याची पद्धतशीर मोहीम चालली. सँ-मार्तँ उपनगर मार्गावर लेविताँ नावाचे, एका ज्यू व्यापाऱ्याचे, लाकूडसामानाचे प्रसिद्ध दुकान होते. जुलै १९४३ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत जर्मनांनी त्याचा बंदिशाळा म्हणून उपयोग केला. कैद्यांनी लुटीच्या पेट्या उघडावयाच्या, भांडी, पलंगपोस, दिवे, खेळणी वेगवेगळी लावावयाची. आणि जर्मन अधिकाऱ्यांनी येऊन, दुकानात यावे तसे, पसंत पडेल ते घेऊन जावयाचे. पेट्या उघडताना कैद्यांच्या हाती कधी कधी स्वतःच्याच घरचे सामान येई. मांडणी दुकानाची होती, टेबले दुकानाची होती, आणि बूसिकोने घालून दिलेला एकही नियम तेथे उरला नव्हता.

गोरगरिबांचा बाजार या सर्वांपासून दूर होता. १८८४ पासून पुबेल या प्रशासकाच्या हुकुमाने पॅरिसमधील प्रत्येक घरमालकाला कचऱ्यासाठी झाकणाचे पिंप ठेवणे भाग पडले. शहर स्वच्छ झाले, परंतु उकिरड्यावर जगणाऱ्या चिंध्या-भंगारवाल्यांचा रोजगार आटला. कचऱ्याच्या पिंपाला फ्रेंच भाषेत आजही ‘पुबेल’ म्हणतात, तो या रोषाचाच अवशेष. यांतील अनेकांनी तटबंदीबाहेर सँतुआँ येथे आपला पसारा मांडला आणि त्यातून प्रसिद्ध ‘पिसवांचा बाजार’ वाढला. आज तेथे श्रीमंत लोक जुनी कपाटे घेण्यास जातात. गंमत अशी, की तेथे घासाघीस अजून चालते. बूसिकोने घालविलेली भाव करण्याची कला भंगारवाल्यांनी जपून ठेवली.

आज बाँ मार्शे आणि सामारितेन ही दोन्ही दुकाने चैनीच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एकाच बड्या कंपनीच्या मालकीची आहेत. एके काळी साध्या नोकरदारांना कपडे पुरविणारी सामारितेन २००५ साली बंद पडली आणि २०२१ साली पुन्हा उघडली ती श्रीमंती थाटात. २०१५ सालच्या कायद्याने पर्यटकांच्या भागांतील दुकानांना रविवारी आणि रात्री उशिरापर्यंत उघडे राहण्याची सवलत दिली. त्या कायद्यात नोकराच्या संमतीची आणि मोबदल्याची अट आहे हे खरे. पण १९०६ साली मिळालेल्या रविवारवर पुन्हा वाटाघाट सुरू झाली, हेही तितकेच खरे.

तेव्हा पॅरिसमध्ये खरेदी कोठे करावी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या खिशाला विचारून द्यावे. पाहण्यास मात्र कोठेही पैसे पडत नाहीत. पाले-रॉयालच्या ओवऱ्या, व्हिव्हिएनची गल्ली आणि बाँ मार्शेची काचेची छते एका दिवसात सहज पाहून होतात. एक रीत तेवढी ध्यानात ठेवावी. पॅरिसमध्ये लहान दुकानात पाऊल टाकताच दुकानदाराला ‘बाँझूर’ म्हणण्याचा प्रघात आहे. न म्हणता मालाला हात लावणे असभ्य समजले जाते. मोठ्या दुकानांत हा शिष्टाचार बव्हंशी विरून गेला आहे. तेथेही तो पाळावयास हरकत नाही; काउंटरमागे उभी असलेली व्यक्ती सकाळपासून उभीच असण्याचा संभव असतो.